बीपी नॉर्मल, पण पाय गार: रक्त किंवा पाणी कमी झालेलं शरीर कसं वाचायचं

कॅज्युअल्टीत मला चोवीस वर्षं झाली. नवीन मुलंमुली ड्यूटीवर आली की मी त्यांना एकच सवय लावायला बघते: बीपीचा पट्टा बांधण्याआधी पेशंटचा पाय हातात घ्या. ही सवय मला कशी लागली ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

नोकरीचा सहावा महिना होता. एक तरुण मुलगा दुचाकीवरून पडून आला. शुद्धीत होता, नीट बोलत होता, डाव्या बरगड्यांखाली फक्त खरचटलेलं. बीपी 118/92, नाडी 112. मी ‘बीपी नॉर्मल, पेशंट स्टेबल’ असं लिहिलं आणि पुढच्या बेडकडे वळले. वीसेक मिनिटांनी आमच्या मोठ्या सिस्टर राउंडला आल्या. त्यांनी मॉनिटरकडे पाहिलंही नाही. चादर वर करून त्याच्या पावलावर हाताची मागची बाजू टेकवली, मग घोट्यावर, मग नडगीवर. गुडघ्यापर्यंत पाय गार होता. त्यांनी तिथूनच सर्जनना हाक मारली. प्लीहा फाटली होती आणि रक्त पोटात साचत होतं. मुलगा वाचला. पण ती वीस मिनिटं माझ्या नोंदीपायी गेली, हे मी आजही विसरलेले नाही.

रक्त कमी झालं की शरीराची सगळी धडपड बीपी टिकवण्यासाठीच चालते. त्यामुळे बीपी पडतं ते अगदी शेवटी. तोवर धडपड दुसरीकडे दिसत असते: हातापायांच्या कातडीत, नाडीत, खालच्या बीपीत, लघवीत, तहानेत. प्रत्येक ठिकाणी कारभार वेगळ्याचा. कुठे मज्जातंतू, कुठे हॉर्मोन. कोण किती वेळात कामाला लागतं हे एकदा डोक्यात बसलं की पेशंट आल्यापासून किती वेळ गेलाय आणि आता कुठे बघायचं, हे आपोआप सुचतं.

आधी थोडा हिशोब. मोठ्या माणसात किलोमागे साधारण 70 मिली रक्त असतं, म्हणजे 70 किलोच्या माणसात पाच लिटरच्या जवळपास. त्यातलं साठ-सत्तर टक्के कुठल्याही क्षणी शिरांमध्ये असतं. धमन्यांत त्यापेक्षा फार कमी. शिरा सैल पिशव्यांसारख्या असतात, म्हणून त्या आवळल्या की पिशवी पिळल्यासारखं रक्त हृदयाकडे सरकतं. रक्तदान करणारा 350 किंवा 450 मिली रक्त देऊन थोड्या वेळाने चालत घरी जातो, तो मुख्यतः या शिरांच्या जिवावर. साधारण 15 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 750 मिलीपर्यंत रक्त गेलं तरी वरवर फारसं काही दिसत नाही. 15 ते 30 टक्क्यांच्या टप्प्यात नाडी वाढते आणि कातडी गार पडते, पण झोपलेल्या माणसाचं वरचं बीपी बहुधा जागेवरच असतं. आकडा पडायला लागतो तो सहसा 30 टक्क्यांच्या पुढे. म्हणजे दीड लिटर गेल्यावर. आपल्याला जे ओळखायचंय ते या मधल्या टप्प्यात ओळखायचंय.

पहिले काही सेकंद: मज्जातंतूंचं काम

जबड्याच्या कोनाखाली मानेत धडधडणारी धमनी हाताला लागते, ती कॅरॉटिड. ती जिथे दुभंगते तिथे तिची भिंत जरा फुगीर असते आणि त्या भिंतीत ताण ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. तशीच टोकं हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत असतात. यांना बॅरोरिसेप्टर म्हणतात. (मानेत ती जागा शोधायला दाबू नका, वयस्कर माणसात तर मुळीच नको, नाडी एकदम मंदावते.)

इथे एक गोष्ट मुलं हमखास उलटी समजतात. त्यांना वाटतं, बीपी कमी झालं की हे सेन्सर ओरडतात. होतं नेमकं उलट. भिंत ताणलेली असली की ते मेंदूला सतत निरोप पाठवत असतात. ताण कमी झाला की निरोप कमी होतात. मानेतले निरोप नवव्या आणि छातीतले दहाव्या मज्जातंतूने मेंदूच्या देठापर्यंत जातात. तिथलं केंद्र या निरोपांमुळे सिम्पथेटिक मज्जातंतूंना, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंना, आवरून धरत असतं. निरोप विरळ झाले की पकड सुटते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतही असे सेन्सर असतात. ते दाबापेक्षा भरलेपणा ओळखतात, म्हणून धमनीतला दाब हलण्याआधीच त्यांना कमतरता कळते.

मग दोन गोष्टी घडतात. हृदयावर व्हेगसचा, म्हणजे त्याच दहाव्या मज्जातंतूचा, जो ब्रेक असतो तो सुटतो, आणि हे एकदोन ठोक्यांत होतं. पाठोपाठ काही सेकंदांत सिम्पथेटिक टोकांतून नॉरॲड्रेनालिन सुटतं. हृदय जोरात आकुंचन पावतं, शिरा आवळतात आणि बारीक धमन्यांची तोंडं लहान होतात. कातडी, आतडी, मूत्रपिंड आणि कामात नसलेले स्नायू यांच्याकडचा प्रवाह कमी होतो. मेंदू आणि हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्या या आदेशाला फारशी दाद देत नाहीत, कारण त्या आपापल्या पेशींच्या गरजेप्रमाणे उघडतात. अशा रीतीने उरलेलं रक्त त्यांच्या वाट्याला येतं.

धमनीचं तोंड जरासं लहान झालं तर एवढा फरक का पडतो? नळीतून वाहणाऱ्या द्रवाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली की विरोध दुप्पट नाही, सोळापट होतो. त्या मुलाचे पाय गुडघ्यापर्यंत गार पडले होते ते याच गणिताने.

आता हात लावून कसं बघायचं ते. हाताची मागची बाजू वापरा. तळव्यापेक्षा तिला गार-गरम चांगलं कळतं. अंगठ्यापासून सुरुवात करा आणि वर सरका. जिथे गार संपून कोमट सुरू होतं ती जागा लक्षात ठेवा. मी नोंदीत ‘घोट्यापर्यंत गार’ किंवा ‘नडगीच्या मध्यापर्यंत गार’ असं स्पष्ट लिहिते. पंधरा मिनिटांनी परत बघितलं आणि रेषा वर सरकली असली, तर बीपी कितीही छान असो, मी डॉक्टरांना बोलावते. दोन्ही पाय बघा. एकच पाय गार असेल तर त्या पायाच्याच धमनीचा प्रश्न असू शकतो.

मग बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. खोली थंड असेल तर ही वेळ वाढते, म्हणून हात हृदयाच्या उंचीवर धरा आणि छातीच्या हाडावर दाबूनही एकदा बघा. गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसली तर प्रकरण बरंच पुढे गेलंय.

घामाकडेही बघा. गार आणि ओली कातडी ही जोडी मला सगळ्यात जास्त घाबरवते. घामाच्या ग्रंथींनाही सिम्पथेटिक मज्जातंतूच चालवतात. रक्तवाहिन्या आवळलेल्या आणि ग्रंथी चालू, असं एकाच वेळी होतं म्हणून घाम गार लागतो. ताप उतरतानाच्या घामात कातडी गरम असते. हा फरक एकदा हाताला कळला की विसरत नाही.

नाडी आणि खालचं बीपी

नाडी मशीनवर वाचू नका, बोटांनी पूर्ण अर्धा मिनिट मोजा. वेग तर कळेलच, पण नाडी भरलेली आहे की दोऱ्यासारखी बारीक, हे मशीन सांगत नाही.

आता 118/92 कडे परत येऊ. वरचा आकडा हृदय एका ठोक्यात किती रक्त बाहेर टाकतं यावर बराचसा अवलंबून असतो. खालचा आकडा वाहिन्या किती आवळल्यात ते दाखवतो. रक्त कमी झालं की ठोक्यामागे निघणारं रक्त घटतं, पण वाहिन्या आवळल्यामुळे खालचा दाब वर ढकलला जातो. दोन्हींतलं अंतर कमी होतं. निरोगी माणसात ते 40 च्या आसपास असतं. त्या मुलात 26 होतं. बीपी सांगताना बरेच जण फक्त वरचा आकडा सांगतात. तुम्ही वजाबाकी करून सांगा.

दुसरा हिशोब भागाकाराचा. नाडीला वरच्या बीपीने भागायचं. एरवी उत्तर 0.5 ते 0.7 येतं. 0.9 च्या वर गेलं की मी खुर्चीवरून उठते. त्या मुलाचं होतं 112 भागिले 118, म्हणजे 0.95. नाडीही थोडीशीच जास्त होती आणि बीपीही बरं होतं, पण दोन्ही एकत्र वाचल्यावर चित्र वेगळं दिसतं.

जुलाब-उलट्या झालेला, चालत आलेला माणूस असेल तर उभं करून बघता येतं. आधी दोन-तीन मिनिटं झोपवून नाडी आणि बीपी घ्या. मग उभं करा. उभं राहिल्यावर निरोगी माणसातही अर्धा लिटर किंवा जास्त रक्त पाय-पोटाकडे उतरतं आणि मज्जातंतू ते सावरून घेतात. आधीच रक्त कमी असेल तर सावरायला हातात काही उरत नाही. मिनिटभरात नाडी 30 ने वाढली, किंवा चक्कर येऊन उभंच राहता आलं नाही, तर द्रव बराच गेलाय. तीन मिनिटांत वरचं बीपी 20 ने उतरलं तरी गंभीर समजा. ज्याला रक्तस्राव होतोय असा संशय आहे, त्याला मात्र उभं करून बघायला जाऊ नका.

मिनिटांपासून तासांपर्यंत: हॉर्मोनचं काम

मज्जातंतू झटपट असतात, पण नुसतं आवळून किती वेळ धरणार? पुढचा भार हॉर्मोन उचलतात.

सर्वांत आधी मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रेनल ग्रंथीचा गाभा. सिम्पथेटिक मज्जातंतूच तिला थेट कळवतात आणि ती रक्तात ॲड्रेनालिन सोडते. त्यात थोडं नॉरॲड्रेनालिनही असतं. मज्जातंतू जिथे पोचत नाहीत तिथेही हे रक्तातून पोचतं. पेशंटची छाती धडधडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो. ‘घाबरलाय’ असं म्हणून त्याला गप्प करू नका. कधीकधी शरीरच त्याला घाबरवत असतं.

दुसरं व्हॅसोप्रेसिन, म्हणजेच एडीएच. ते मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि पिट्युटरीच्या मागच्या भागातून सुटतं. याला दोन घंटा आहेत. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी दाट, खारट झालं तरी पहिली वाजते. दुसरी वाजायला रक्ताचं प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास घटावं लागतं, पण ती वाजली की हॉर्मोन भरपूर सुटतं. थोडं असताना ते मूत्रपिंडातल्या नळ्यांमध्ये पाण्याची दारं उघडून लघवीतलं पाणी परत घेतं. जास्त झालं की रक्तवाहिन्याही आवळतं. त्याच्या नावातच वाहिनी आवळणं आहे.

तिसरी साखळी मूत्रपिंडापासून सुरू होते. 1898 मध्ये टिगरस्टेड आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचं बीपी चढलं; त्या पदार्थाला त्यांनी रेनिन म्हटलं. मूत्रपिंडात शिरणाऱ्या धमनीतला दाब कमी झाला, सिम्पथेटिक मज्जातंतूंनी टोचलं, किंवा नळीतून जाणारं मीठ कमी झालं, की रेनिन सुटतं. यकृतातून आलेल्या प्रथिनाला ते कापतं, अँजिओटेन्सिन एक बनतं, आणि मुख्यतः फुप्फुसांच्या वाहिन्यांतून जाताना त्याचं अँजिओटेन्सिन दोन होतं. हे फार ताकदीचं. ते वाहिन्या आवळतं, तहान लावतं, व्हॅसोप्रेसिनला जोर देतं आणि ॲड्रेनलच्या सालीतून अल्डोस्टेरॉन सोडवतं. शिवाय ते मूत्रपिंडाच्या गाळणीतून बाहेर पडणारं तोंड जास्त आवळतं, त्यामुळे आत येणारं रक्त कमी झालं तरी गाळण्यापुरता दाब शिल्लक राहतो. ही साखळी पूर्ण जोरात यायला वीसेक मिनिटं लागतात. अल्डोस्टेरॉनला आणखी वेळ लागतो, कारण ते पेशीच्या आत जाऊन नवी प्रथिनं बनवून घेतं आणि मग मीठ, मिठामागून पाणी परत आणतं. त्याचा परिणाम तासांच्या हिशोबाने येतो.

याच काळात एक काम कुठल्याही आदेशाशिवाय होत असतं. बारीक धमन्या आवळल्याने केशिकांमधला दाब उतरतो, आणि पेशींच्या भोवतीचं पाणी आत ओढलं जातं. शरीर स्वतःलाच सलाईन लावतं म्हणा ना. म्हणून ताज्या रक्तस्रावात हिमोग्लोबिन नॉर्मल येतं. रक्तातलं पाणी आणि पेशी एकाच प्रमाणात गेलेल्या असतात. पातळ होणं पुढच्या काही तासांत घडतं. पहिल्या रिपोर्टवर ‘हिमोग्लोबिन 13, काळजी नाही’ असं कुणी म्हटलं तर शांतपणे रक्त पुन्हा तपासायला लावा.

लघवी: हॉर्मोन वाचायची जागा

निरोगी माणसाचं मूत्रपिंड हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा घेतं. प्रवाह कापायचा झाला की ते पहिल्या काहींत येतं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातलेली असेल तर आधी नळीत अडकलेली लघवी पिशवीत उतरवा, पिशवी रिकामी करा, घड्याळ लावा. तासाला किलोमागे 0.5 मिली ही खालची रेषा. 60 किलोच्या माणसात तासाला 30 मिली. त्याखाली गेली तर पुढच्या तासाची वाट बघू नका. रंग गडद होत जाणं म्हणजे व्हॅसोप्रेसिन पाणी राखतंय.

फसवणारे दोन असतात. साखर खूप वाढलेली असेल तर साखर आपल्याबरोबर पाणी खेचून नेते आणि कोरड्या पडलेल्या माणसालाही भरपूर लघवी होते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेच.

तहान अर्धंच सांगते

नुसतं पाणी गेलं असेल, म्हणजे बराच वेळ काही प्यायलंच नाही, तर रक्त दाट होतं आणि तहान लवकर लागते. पाणी प्यायलं की भागतं. जुलाबात मात्र पाण्याबरोबर मीठही जातं. अशा वेळी साधं पाणी प्यायलं की रक्त पातळ होतं, दाटपणा ओळखणारी घंटा गप्प होते, तहान जाते, आणि रक्ताचं प्रमाण मात्र भरलेलं नसतं. ‘आता तहान नाही’ म्हणणारा माणूस उभा राहिल्यावर का पडतो, त्याचं एक कारण हे. ओआरएसमध्ये मीठ आणि ग्लुकोज एकत्र असतं, कारण आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच दारातून जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्यामागे जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे दोन्ही 75-75 मिलिमोल असतात. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. कमी पाण्यात दाट केलेलं द्रावण उलट आतड्यात पाणी ओढतं.

जिथे ही खूण दिसत नाही

बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचा वेग आवरणाऱ्या गोळ्या, घेणाऱ्याची नाडी फारशी वाढत नाही. 78 नाडी बघून निर्धास्त होऊ नका. पेसमेकर असलेल्यांचंही तसंच असू शकतं. बीपीच्या ज्या गोळ्या अँजिओटेन्सिनची साखळी तोडतात, त्या घेणाऱ्याचं बीपी थोड्याच जुलाबांत घसरू शकतं. म्हणून पहिल्या पाच प्रश्नांत ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत’ हा असलाच पाहिजे. वयस्कर माणसाचं नेहमीचं बीपी 160 असेल तर 115 हे त्याच्यासाठी पडलेलं बीपी आहे. गरोदरपणात रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे आई बरीच दिसते आणि बाळाकडचा प्रवाह आधी कमी होतो. लहान मुलं बीपी फार चिवटपणे धरून ठेवतात आणि सोडतात ती एकदम. पोटातल्या रक्तस्रावात काही पेशंटची नाडी उलट मंद असते, हेही मी पाहिलंय.

हातातलं काम

रक्त वाहत असेल तर आधी ते दाबून धरा. मज्जातंतूंचं सगळं कसब गळणाऱ्या जागेपुढे फुकट जातं. आडवं झोपवा. पांघरूण घाला, कारण गार पडलेलं रक्त नीट गोठत नाही, पण गार पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका. कातडीच्या वाहिन्या उघडतील आणि शरीराने मेंदू-हृदयासाठी राखलेलं रक्त पायांत जाईल. शिवाय अशी कातडी पटकन भाजते.

आणि पेशंटच्या वागण्यावर नजर ठेवा. बराच वेळ आवळून धरलेल्या भागांत आम्ल साचतं, त्याने वाहिन्या सैल पडायला लागतात, साठवलेलं व्हॅसोप्रेसिन संपत येतं. बीपी कोसळतं ते इथे. त्याच्या थोडं आधी माणूस अस्वस्थ होतो, ऑक्सिजनचा मास्क काढून टाकतो, बेडवरून उठायला बघतो, श्वास भराभर घेतो. नातेवाईक म्हणतात ‘हा असा कधी वागत नाही’. ते ऐका. घरच्या माणसांनी ते मॉनिटरच्या आधी ओळखलेलं असतं.

उपचार लागू पडायला लागले की खुणा परततात. बहुधा आधी नाडी उतरते, दोन बीपींतलं अंतर रुंदावतं, गारव्याची रेषा खाली सरकते. लघवी सावकाश येते, कारण हॉर्मोन रक्तातून ओसरायला आणि अल्डोस्टेरॉनने बनवून घेतलेली प्रथिनं मोडायला वेळ लागतो. पहिल्या तासात भरपूर लघवी झाली नाही म्हणून सलाईनचा वेग स्वतःहून वाढवू नका, डॉक्टरांना आकडा सांगा. नोंद अशी लिहा: ‘10:20. नाडी 112, बीपी 118/92, अंतर 26, भागाकार 0.95. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत गार, घाम आहे. बोट दाबल्यावर चार सेकंद. लघवी 20 मिली. डॉक्टरांना कळवलं.’ आणि 10:35 ला पुन्हा चादर वर करून पायाला हात लावा.